उलट्या वळणाची सावली

समोरून येणाऱ्याला वाट कोणी द्यावी, हा प्रश्न माणसाला फार पूर्वीपासून छळत आला आहे. जुन्या धर्मशास्त्रकारांनी ओझे वाहणाऱ्याला, रोग्याला, वृद्धाला, स्त्रीला आणि लग्नाला निघालेल्या नवरदेवाला वाट द्यावी असे सांगून ठेवले. राजाचेही नाव त्या यादीत होते. ते नेमके कुठे बसवावे हा प्रश्न नाजूक होता, आणि शास्त्रकारांना पोट होते. बर्फावर स्केटिंग करणाऱ्यांनी ही सारी यादी एका वाक्यात आटोपली: ज्याचे संगीत वाजत असेल, त्याला वाट द्यावी.

पुण्याच्या पश्चिमेला, माणच्या पुढे, जिथे एप्रिलात रस्त्याचे डांबर चपलेला चिकटते, तिथे ‘हिमांगण’ नावाची बर्फाची रिंक होती. बाहेर ऊन मी म्हणत असताना आत मुलींच्या तोंडातून वाफ निघे. तिथला शिष्टाचार कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो सर्वांना पाठ होता. संगीत जिचे चालू, तिने कमरेला केशरी पट्टा बांधावा. पडलेल्याने रडणे नंतरसाठी ठेवून आधी उठावे. आणि दाराकडच्या कोपऱ्यात कोणीही उभे राहू नये, कारण तो लुट्झचा कोपरा.

लुट्झ ही उडी मोठी कठीण. घेणारी पाठमोरी येते, अर्धी रिंक ओलांडून, लांब वळण कापत. मग एका पायाचे टोक बर्फात रोवून हवेत फिरते. म्हणजे जिथे उतरायचे ती जागा तिला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून निघताना ती ओरडे, “कोपरा!” तिथे जी असेल तिने उत्तर शब्दांनी द्यायचे नसे. तिने सरकायचे, आणि सरकताना पात्यांचा जो खर्रकन आवाज होई, तेच उत्तर. तो आवाज कानांवर आला की पाठमोरी मुलगी निर्धास्त उडी घेई. पाहू न शकणाऱ्याने ऐकू शकणाऱ्यावर टाकलेला हा विश्वास होता. त्याला कुणी संस्कृती म्हटले नाही, कारण तिथे भाषणे होत नसत.

ऋजुता पालेकर उलट्या वळणाची होती. बहुतेक सगळ्या मुली हवेत डावीकडे फिरतात. ऋजुता उजवीकडे फिरे. जेवताना, लिहिताना ती इतरांसारखीच. बर्फावर पाय ठेवला की तिचे जग आरशातले होई. तिचा लुट्झचा कोपरा दाराकडचा नव्हे, त्याच्या समोरचा, मोठ्या घड्याळाखालचा. दुर्दैवाने तिथेच बाकीच्या मुली दम खात, पाणी पीत, उसनी केसांची पिन परत मागत. ऋजुताच्या एका हाकेसरशी तो कोपरा मोकळा करून देण्याचे काम चार्वी धोंगडेने आठव्या वर्षापासून अंगावर घेतले होते. “सरका गं, आपली उलटी गंगा आली,” असे म्हणत ती मुलींना कोपराने ढोसून बाजूला लोटी. आता दोघी अठराच्या होत्या, आणि हिवाळ्यातल्या राष्ट्रीय निवडीसाठी दोघींचीही तयारी चालली होती.

मग ‘पूर्वछाया’ आली.

ती आणणारे डॉक्टर कौस्तुभ रणपिसे हे रिंकचे नवे संचालक. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाशी भांडता तरी येते. त्यांनी मांडलेले शास्त्रही खोटे नव्हते. उडी मारायचे मनात येण्याआधीच शरीर तयारीला लागलेले असते: घोटा किंचित कलतो, खांदा मागे जातो, गुडघा खोल होतो. छतावरचे कॅमेरे वरून डोकी आणि खांदे पाहत. खाली कोणता पाय बर्फावर टेकला आहे आणि पाते आत कलले की बाहेर, हे दोन्ही घोट्यांवर बांधलेले टॅग सांगत. हजारो स्केटरांच्या सरावावरून शिकलेले यंत्र त्यावरून पुढच्या तीन-चार सेकंदांचा अंदाज बांधी आणि छतावरचे दिवे तो अंदाज प्रत्येकीच्या पुढे बर्फावर निळसर सावलीच्या रूपात टाकत. ती जिथे असणार, तिथे तिची सावली आधीच पोहोचलेली असे. दुसरीने ती टाळायची, एवढेच. माणसांकडे पाहायला नको, ओळखीचा आवाज ऐकायला नको.

टकरी खरोखर थांबल्या. पहिल्या महिन्यातच केशरी पट्टा कपाटात गेला. दुसऱ्या महिन्यात ओरडायला बंदी झाली. ओरडण्याने मुली दचकतात आणि दचकलेली मुलगी यंत्राला वाचता येत नाही, असे कारण होते. तिसऱ्या महिन्यात रणपिश्यांच्या लक्षात आले की जिची सावली रेखीव, तिला जागा कमी लागते. म्हणजे रेखीव सावल्यांच्याच मुली घेतल्या तर पहाटेच्या एका सत्रात पाचांऐवजी नऊ जणी मावतात. मग प्रत्येकीच्या नावापुढे ‘स्पष्टता’ नावाचा आकडा झळकू लागला. साठाच्या खाली आकडा गेला की पहाटेचे सत्र बंद, आणि दुपारच्या सार्वजनिक वेळेत रवानगी: भाड्याची स्केट, वाढदिवसांच्या पार्ट्या, कठड्याला धरून किंचाळणारे काका. तिथे कार्यक्रमाचे संगीत लावायला परवानगी नव्हती. तिथून निवडीला आजवर कोणी गेले नव्हते.

ऋजुताचा आकडा होता अडतीस.

“तुम्हीच सांगा मॅडम, मी काय करू?” रणपिश्यांनी काचेच्या खोलीत ऋजुताच्या कोच विभावरी मॅडमना विचारले. ऋजुता दाराशी बुटांच्या नाड्या सोडत होती. तिला ऐकू जाईल याची त्यांनी पर्वा केली नाही, किंवा काळजीच घेतली.

“तुमच्या यंत्राला तिची उडी कळत नाही, यात तिचा काय दोष?”

“दोष कोण म्हणतंय? मी जागेचं बोलतोय. यंत्र शिकलं त्यात उलट्या वळणाच्या मुली नव्हत्याच जवळजवळ. त्यामुळे ही कुठे जाणार याची त्याला खात्री नसते, आणि खात्री नसली की ते सावली पसरट टाकतं. तेवढ्यात माझ्या तीन मुली सराव करतील.”

“मुली माझ्या आहेत,” मॅडम म्हणाल्या. “बर्फ तुमचा.”

“वळण बदलून बघा ना. वर्षभरात जमेल.”

मॅडम म्हणाल्या, “माझे आजोबा डावखुरे होते. मास्तरांनी डावा हात बांधून ठेवून उजव्यानं लिहायला शिकवलं. अक्षर मोत्यासारखं आलं त्यांचं. त्याच वर्षी तोतरेपणही आलं.”

“आठवड्याची मुदत देतो,” रणपिसे सौजन्याने म्हणाले.

त्या आठवड्यात ऋजुताने लहान मुलीसारखी डावीकडे उडी मारून पाहिली आणि लहान मुलीसारखीच आपटली. घरी तिने कोणाला काही सांगितले नाही. चार्वी तिला म्हणाली, “अगं, थोडं सरळसोट स्केट कर ना. मी करते. हात कमी हलवायचे, मध्येच मनात आलं म्हणून वळायचं नाही. माझे शहाऐंशी आहेत.”

“तुझं नवं बसवलेलं नृत्य मग कुठं गेलं? तो अचानक थांबण्याचा भाग?”

“काढला. सावली फाटते त्यानं.”

यावर दोघी भांडल्या. भांडण नेमके कशावरून हे दोघींनाही सांगता आले नसते. चार्वी ‘हट्टी’ म्हणाली, ऋजुता ‘आज्ञाधारक’ म्हणाली, आणि दुसरी शिवी अधिक लागली.

मुदतीच्या शेवटच्या पहाटे तो प्रकार घडला. स्केटरांचा एक नेम असतो: ज्या पायावर उतरायचे, त्याचा बूट आधी बांधायचा. सगळ्यांचा तो पाय उजवा, म्हणून टॅग वाटणाऱ्या कल्पनाताई नेहमी उजवा टॅग आधी हातात ठेवत. ऋजुताचा उतरण्याचा पाय डावा. ती रोज पहिला टॅग मांडीवर ठेवून दुसऱ्याची वाट पाही. त्या दिवशी भांडण डोक्यात घोळत होते. हातात आलेला पहिला टॅग तिने पहिल्या बांधलेल्या बुटावर, म्हणजे डाव्या घोट्यावर अडकवला, आणि दुसरा उजव्यावर.

बर्फावर उतरताच तिच्यापुढे सावली पडली ती सुरीने कापल्यासारखी. ऋजुता क्षणभर थबकली. गेले तीन महिने तिच्यापुढे पसरलेला तो निळा डाग कुठे गेला? मुली तिच्या सावलीच्या कडेकडेने सफाईने जाऊ लागल्या. तिने एक गिरकी घेतली, एक छोटी उडी मारली. मग सवयीने रिंक ओलांडून पाठमोरी घड्याळाकडे निघाली आणि लुट्झ मारला. उतरताना तिने जे पाहिले ते नंतर कितीतरी दिवस तिच्या डोळ्यांपुढून हलले नाही. तिची सावली तिच्याजवळ नव्हती. ती दूर, दाराकडच्या कोपऱ्यात, एकटीच वळण पूर्ण करत होती. पुढच्या क्षणी ती झटकन येऊन तिच्या पायांशी बसली.

कोणाच्याही ध्यानात आले नाही. सगळ्या सावल्यांकडे पाहत होत्या; ऋजुताकडे पाहणारे कोणी नव्हते.

पडद्यावर आकडा उमटला: ब्याऐंशी.

“बघ, जमलं की नाही?” चार्वीने भांडण विसरून तिच्या पाठीत धपाटा घातला. “आता जिलबी कधी?”

बूट काढताना टॅग पाहिल्यावर ऋजुताला उलगडा झाला. उजवा डावा समजून वाचल्यामुळे यंत्राला तिच्या जागी एक सरळ वळणाची, ओळखीची मुलगी दिसत होती. इतर हालचालींत कॅमेरे क्षणोक्षणी चूक सावरून घेत. फरक वीतभर पडे. पण लुट्झच्या त्या लांब आंधळ्या वळणात यंत्र पूर्ण खात्रीने तिला भलत्या कोपऱ्यात पाठवत होते. आणि स्पष्टतेचा आकडा अंदाज खरा ठरला की नाही हे मोजतच नव्हता. यंत्राला स्वतःची किती खात्री वाटते, एवढेच तो मोजत होता. हे वैशिष्ट्य केवळ यंत्रांचे नव्हे. कितीतरी विद्वान याच गुणावर पदाला पोहोचले आहेत.

तिने ते विभावरी मॅडमना दाखवले. मॅडमनी दोन्ही टॅग तळहातावर घेतले.

“सांगू सरांना?” ऋजुताने विचारले.

“सांगितलंस तर उद्या दुपारी वाढदिवसाच्या केकभोवती फिरशील.” त्यांनी टॅग परत तिच्या हातात दिले, ज्या क्रमाने तिने दिले होते त्याच क्रमाने. “सत्रात लुट्झ करू नकोस. बाकी सगळं कर. निवडीच्या दिवशी तिथं सावल्या नसतात, तिथं कर.”

“आणि सराव?”

ज्या बाईने तिला दहा वर्षे कोपऱ्यात पाहायला शिकवले होते, तिने पहिल्यांदाच नजर खाली वळवली.

ऋजुता रोज पहाटे उलटे टॅग बांधू लागली. सत्र आपले झाले, संगीत आपले झाले. झोप मात्र गेली. घड्याळाखाली मुली उभ्या असत, पाणी पीत, खाली मान घालून. आता वर पाहण्याची गरजच कोणाला उरली नव्हती. पायांपुढचा बर्फ पांढरा असला की जग सुरक्षित होते.

पावसाळ्यापूर्वी क्रीडा खात्याची मंडळी पाहणीला यायची ठरली. यंत्र इतर शहरांतल्या रिंकनाही द्यायचे की नाही, ते त्यांच्यापुढे ठरणार होते. रणपिश्यांनी नऊ मुली निवडल्या आणि प्रत्येकीने काय करायचे ते सांगितले. “ऋजुता, तुझा कार्यक्रम पूर्ण. लुट्झसकट. उलट्या वळणाची मुलगीसुद्धा आपल्याकडे कशी सामावली, हेच तर दाखवायचंय.”

“सर, लुट्झ सध्या जरा कच्चा आहे.”

“पडलीस तर पड. पाहुण्यांना पडणं आवडतं, खरं वाटतं.” ते हसले. “नाही केलास तर मात्र मला निवडीच्या शिफारशीचा पुन्हा विचार करावा लागेल.”

विभावरी मॅडम तिथेच होत्या. ऋजुताने त्यांच्याकडे पाहिले. मॅडम हातमोज्याचा सुटलेला धागा ओढत होत्या.

त्या सकाळी कठड्यापलीकडे शाली पांघरलेले अधिकारी हातात चहाचे कप घेऊन बसले होते. नऊ सावल्या बर्फावर एकमेकींना न शिवता विणकामासारख्या फिरत होत्या. सुंदर दिसत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ऋजुताचे संगीत सुरू झाले. तिने ठरवले होते: लुट्झच्या जागी छोटी उडी मारायची, शिफारस गेली तर गेली. मग संगीत त्या वळणाशी आले आणि दहा वर्षांच्या सरावाने शरीराने मनाला न विचारताच उजवे पाते बाहेरच्या बाजूला कलवले. शरीर आधी ठरवते, हे डॉक्टर रणपिश्यांचे म्हणणे असे तिच्यापुरते तरी सिद्ध झाले.

ती पाठमोरी घड्याळाकडे निघाली. तिची सावली दाराकडे वळली. दाराजवळच्या दोन मुली त्या सावलीसाठी अदबीने बाजूला झाल्या.

मॅडमच्या जुन्या शिकवणीने ऋजुताने मान वळवून खांद्यावरून मागे पाहिले. घड्याळाखाली चार्वी उभी होती, आपल्या संगीताची वाट पाहत, बोटे फुंकत.

“कोपरा!”

बंदी आल्यापासून हिमांगणात ही हाक कोणी दिली नव्हती. ती छताला लागून परत आली. चार्वीने ती ऐकली. आणि ऐकून तिने वर पाहिले नाही, खाली पाहिले. आपल्या पायांपुढचा बर्फ तपासला. बर्फ पांढरा होता. ती हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर, ऋजुताला नंतर आठवत राहिले, कमालीची शांती होती.

पात्यांचा आवाज आलाच नाही. ऋजुताने रोवायला उचललेला पाय आडवा टाकला आणि अंग बाजूला झोकून दिले. पाते चार्वीच्या पोटरीजवळून, पायमोज्याला चाटून गेले. मग कठडा आला. खांद्यातून काहीतरी तुटल्याचा आवाज झाला, तो मात्र सर्वांनी ऐकला.

चार्वी फाटलेल्या पायमोज्याकडे पाहत होती. “सावली नव्हती गं तुझी,” ती म्हणाली, तक्रार केल्यासारखी. “नव्हती. मी बघितलं ना.”

कठड्यापलीकडे रणपिसे पाहुण्यांना सांगत होते, “बघितलंत? पडली ती, पण टक्कर नाही. तिची सावली बाकीच्यांनी किती व्यवस्थित टाळली. ओरडायला नको होतं तिनं, त्यामुळेच तोल गेला.”

एका अधिकाऱ्याने मान डोलावली आणि चहाचा घोट घेतला.

ऋजुता बर्फावर बसलेली होती. उजवा हात हलत नव्हता. आता फक्त गप्प बसायचे होते. खांदा भरून येईल, शिफारस राहील, आणि उद्या पहाटे चार्वी पुन्हा त्या कोपऱ्यात खाली मान घालून उभी राहील. परवा नागपुरात नाहीतर नाशकात दुसरी कोणी. तिने डाव्या हाताने घोट्यावरचे टॅग ओरबाडून काढले आणि उठून कठड्यावरून पाहुण्यांच्या टेबलावर टाकले. एक कपाशी जाऊन अडला.

“हे उलटे बांधलेत मी,” ती म्हणाली. “डावा उजव्याला. दीड महिना. माझी सावली खोटी आहे. यांच्या यंत्राला ती माझ्यापेक्षा जास्त आवडली.”

विभावरी मॅडम बर्फावर आल्या होत्या, बुटांशिवाय, साध्या चपला घालून. “मला माहीत होतं,” त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कोणी विचारलेले नसताना.

रणपिश्यांनी आधी टॅगकडे पाहिले, मग ऋजुताकडे. “म्हणजे यंत्रात दोष नाही,” ते हळूहळू म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचे भाव आले. “माणसानं फसवलं.”

चार्वीने ते सारे ऐकले. ती ऋजुताजवळ आली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “तुला ठाऊक होतं. आणि मी रोज तिथं उभी राहत होते.” मग ती बूट न काढताच रबरी वाटेवरून निघून गेली.

पुढचे सरकारी शहाणपण अपेक्षित असेच झाले. यंत्र इतर शहरांत गेले. टॅगना रंग आले, उजवा लाल आणि डावा पांढरा. उलट्या वळणाच्या मुलींसाठी, त्यांच्याच सुरक्षिततेच्या दृष्टीने, दुपारची वेळ मुक्रर झाली. विभावरी मॅडमनाही दुपारचीच वेळ मिळाली, कठड्याला धरून किंचाळणाऱ्या काकांसह.

दिवाळी उलटल्यावर ऋजुताच्या खांद्याचा पट्टा सुटला. त्या वर्षीची निवड तिच्याशिवाय होणार होती. दुपारच्या बर्फावर खरवडलेल्या रेघा आणि सांडलेले सरबत. दिवे साधे, कोणाचीही सावली आधी धावत नव्हती. प्रत्येकाची ज्याच्या त्याच्या पायाशी. एका मुलाचा वाढदिवस होता, टोप्या घातलेली पोरे एकमेकांना धरून घसरत होती. मॅडमनी सगळ्यांना दाराच्या बाजूला हाकलले. “चला रे, तिकडे. इकडे ताई उडी मारणार आहे. मारेल असं वाटतंय.”

कठड्याचे दार वाजले. चार्वी आत आली. पहाटेचे तिचे सत्र संपून कितीतरी तास झाले होते. गेल्या पाच महिन्यांत ती ऋजुताशी एक शब्द बोलली नव्हती, आणि आताही बोलली नाही. सरळ घड्याळाखाली जाऊन उभी राहिली, पाठ कठड्याला टेकून, हाताची घडी घालून. सवयीने तिची मान खाली गेली, पायांपुढचा बर्फ पाहू लागली. तिने ती हनुवटीला धरून उचलावी तशी वर केली. पुन्हा खाली गेली. पुन्हा उचलली.

“ती हलणार नाही बहुतेक,” मॅडम ऋजुताजवळ येऊन म्हणाल्या. “रागावलेली आहे अजून. आज नको.”

“आजच,” ऋजुता म्हणाली.

ती रिंकच्या दुसऱ्या टोकाला गेली, वेग घेतला, वळून पाठमोरी झाली. उजवे पाते बाहेर कलले. खांदा दुखला. आता घड्याळ पाठीमागे होते आणि समोर टोप्या घातलेल्या पोरांची उघडी तोंडे. वळून पाहायचे तिने टाळले. पाहिले असते, तर चार्वीला काही करायचे उरलेच नसते.

“कोपरा!”

बर्फ पायाखालून सरकत होता. पाय उचलला. मागे काहीच नव्हते, नुसता थंड हवेचा घूं घूं आवाज. पायाचे टोक बर्फाला टेकायला आले.

मग मागून पात्यांचा आवाज आला. खर्रकन, बाजूला सरकणारा, रागीट.

ऋजुताने टोक रोवले.